उजाड उतारावर देशी गवत आणायचं तर आधी बुरशी वाढवा

पावसाळ्यात मुंबईच्या आसपासचा कुठलाही उतार हिरवा दिसतो. गोराई-मनोरीच्या टेकड्या, येऊरच्या पायथ्याचे माळ, वसई-नायगावकडच्या बंद पडलेल्या दगडखाणी, सगळं हिरवंगार. जवळ जाऊन वाकून पाहिलं की त्यात गवत किती आणि रानमोडी, टाकळा, रानतुळस किती ते कळतं. ऑक्टोबरच्या उन्हात हे सगळं वाळतं, पुढे कुणीतरी काडी लावतं, वणवा फिरतो, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात उघडी माती नाल्यात जाते.

अशा जागी दरवर्षी हौशी मंडळी गवताचं बी फेकतात. ते उगवतं, वीतभर वाढतं, पिवळं पडतं आणि सप्टेंबरपर्यंत रानमोडीखाली गाडलं जातं. मग दोष बियाण्याला, पावसाला, गुरांना दिला जातो. गुरांचा दोष असतोही. पण वरची माती वाहून गेलेल्या किंवा खणून काढलेल्या जागेत आणखी एक गोष्ट नाहीशी झालेली असते, ती म्हणजे गवताच्या मुळांत राहणारी मायकोरायझा बुरशी. ती परत आणायचं काम एका कुटुंबाच्या गच्चीवर किंवा चार कुंड्या मावतील अशा खिडकीतही होऊ शकतं. माझा आग्रह एवढाच आहे की ही बुरशी पाकिटातून विकत आणू नका. ज्या भागात लावायचं आहे त्याच भागातली घ्या आणि स्वतः वाढवा.

बुरशीचं काम नेमकं काय

आपल्या डोंगरांतल्या तांबड्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) असतो, पण लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना घट्ट धरून बसलेला असतो. नत्र (नायट्रोजन) पाण्याबरोबर मुळाकडे येतं, स्फुरद जागचा हलत नाही. त्यामुळे मूळ आपल्याभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा ओरबाडून घेतं आणि पुढे उपाशी राहतं. आर्बस्क्युलर मायकोरायझा या प्रकारच्या बुरशीचे तंतू मुळाच्या आत पेशींत शिरतात आणि दुसऱ्या टोकाने मातीत कित्येक सेंटिमीटर दूर जातात. हे तंतू साधारण २ ते १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे, म्हणजे मुळावरच्या केसांपेक्षाही बारीक, त्यामुळे मूळ जिथे पोचू शकत नाही अशा फटींतून ते स्फुरद आणि जस्त आणून देतात. बदल्यात गवत आपण तयार केलेल्या अन्नातला ४ ते २० टक्के हिस्सा साखर आणि स्निग्धाच्या रूपात बुरशीला देतं. शिवाय हे तंतू मातीचे कण एकत्र बांधून ठेवतात. जुलैत दोन-अडीचशे मिलिमीटर पाऊस एका दिवसात झेलणाऱ्या उतारासाठी हा फायदा मला स्फुरदाइतकाच मोलाचा वाटतो.

सगळ्या वनस्पतींना या बुरशीची सारखीच गरज नसते. उजाड जागी पहिल्यांदा येणारं तण तिच्याशिवायही बऱ्यापैकी निभावून नेतं. उशिरा येऊन टिकून राहणारी, खोल मुळांची, बहुवर्षायू गवतं मात्र तिच्यावर फार अवलंबून असतात. अमेरिकेत कॅन्ससमधल्या कोन्झा प्रेअरी या गवताळ माळावरच्या गवतांवर हे नीट तपासलं गेलं आहे. तिथलं बिग ब्लूस्टेम हे गवत बुरशी काढून टाकलेल्या मातीत जेमतेम जगतं. आपली कुसळी, मारवेल आणि पवना ही त्याच गटातली, उष्ण हंगामात वाढणारी गवतं. म्हणजे बुरशी संपलेल्या जमिनीत स्पर्धा सुरू होण्याआधीच पारडं तणाकडे झुकलेलं असतं.

आधी तपासा: बुरशी खरंच गेली आहे का?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढची सगळी मेहनत त्यामुळे वाया जाऊ शकते. जिथे वरची माती शाबूत आहे, अधूनमधून जुन्या गवताचे ठोंब उभे आहेत, तिथे बुरशीही असतेच. तिथे बाहेरून काही घालण्याची गरज नाही, चराई आणि वणवा थांबवला तरी गवत परत येतं. खाणीचा तळ, जेसीबीने खरवडलेला उतार, राडारोडा टाकलेली जागा, वर्षानुवर्षं पायवाटेसारखी तुडवली गेलेली जमीन, अशा ठिकाणी मात्र शंका घ्यावी.

तपासणीला नऊ छोट्या कुंड्या पुरतात. आपल्या जागेतली माती पाच-सहा ठिकाणांहून, वरच्या १०-१५ सेंटिमीटर थरातून घ्या आणि एकत्र करा. दोन तृतीयांश माती कुकरमध्ये पाऊण तास वाफवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफवा, आणि मग आठ-दहा दिवस उघडी ठेवा, कारण वाफवल्यावर लगेच ती रोपांना बाधते. तीन कुंड्यांत जागेची माती जशीच्या तशी, तीनमध्ये वाफवलेली, आणि तीनमध्ये वाफवलेल्या मातीत चांगल्या गवताखालची मूठभर माती मिसळून भरा. सगळ्यांत बाजरी पेरा. बाजरी किराणा दुकानातली घ्या. बियाण्याच्या दुकानातल्या बाजरीला बहुतेक वेळा बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि इथे नेमकी बुरशीच जगवायची आहे.

सहा-सात आठवड्यांनी बाजरी कापून, वाळवून वजन करा. जागेच्या मातीतली बाजरी वाफवलेल्या मातीतल्या बाजरीइतकीच खुरटी असेल आणि तिसऱ्या गटातली ठळकपणे जोमदार असेल, तर बुरशीची उणीव आहे असं समजून पुढे जावं. पहिला आणि तिसरा गट सारखेच निघाले तर दुखणं दुसरीकडे आहे. अशा वेळी बुरशी वाढवण्याऐवजी कुंपण आणि पाणी अडवणं यावर शक्ती लावा.

मूळ माती कुठून घ्यायची

मूळ माती म्हणजे बुरशी वाढवायला विरजण म्हणून लागणारी माती. चांगली माती म्हणजे जिथे देशी गवत वर्षानुवर्षं टिकून आहे तिथली, आणि जमीन शक्यतो तुमच्या जागेसारखीच. तांबड्या उतारासाठी तांबड्या उतारावरची, काळ्या पट्ट्यासाठी काळ्या पट्ट्यातली. ठाणे-पालघर भागात अजूनही असे खासगी गवताचे माळ आहेत जिथून वाळलेलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जात आलं आहे. मालकाला विचारा. गुरचरण असेल तर ग्रामपंचायतीला विचारा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून मात्र माती, बी, काडीही उचलायची नाही. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे आणि परवानगीशिवाय काहीही नेणं गुन्हा आहे.

गवत ओळखताना अडलात तर फोर्टमधल्या हॉर्नबिल हाउसला बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आहे आणि सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम हा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. वाळवून दाबलेला नमुना फुलोऱ्यासकट न्या, नुसती पानं नेऊन उपयोग नाही. आरे कॉलनीत १९४९पासून म्हशींच्या चाऱ्यासाठी पोसलेलं पॅरा गवत ओलसर जागी आपोआप पसरतं. ते परदेशी आहे. ते लुसलुशीत दिसतं म्हणून त्याखालची माती आणू नका.

माती काढण्याची वेळ म्हणजे ऑक्टोबर, पाऊस संपताना. एकाच जागी खड्डा करू नका. दहा-बारा ठोंबांच्या कडेने खुरप्याने प्रत्येकी दोन मुठी माती बारीक मुळांसकट घ्या आणि खड्डा तिथल्याच पानगळीने झाका. एकूण तीन-चार किलो पुरते. मुळं फेकू नका, बुरशी बीजाणूंइतकीच (बीजाणू म्हणजे तिच्या सूक्ष्म बिया) मुळांच्या तुकड्यांतही जिवंत असते.

त्याच फेरीत बीही गोळा होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळी तांबूस होते आणि तिची लांब काळी कुसळं एकमेकांत पिळून झुबके होतात. हे झुबके हाताने ओढले की निघून येतात. एक कुसळ घरी वाटीतल्या पाण्यात टाकून पाहा. पिळलेला भाग ओला होताच उलगडू लागतो, संपूर्ण बी गोल गोल फिरतं आणि त्याचं टोकदार, केसाळ नाक खाली घुसायला बघतं. मातीत हे बी असंच स्वतःला पेरतं, म्हणून कुसळं कापून टाकू नयेत. ताजं बी सहसा सुप्तावस्थेत असतं. कागदी पिशवीत, कोरड्या जागी उन्हाळाभर ठेवलं की ते जागं होतं, आणि आपल्या वेळापत्रकाला हे सोयीचंच आहे.

कुंडीत बुरशी वाढवणं

हे सगळ्यात महत्त्वाचं काम, म्हणून इथे घाई नको. दह्याला विरजण लागतं तशी इथे थोड्या मूळ मातीपासून पुष्कळ माती तयार करायची आहे, आणि त्यासाठी बुरशीला जिवंत मूळ हवंच. ही बुरशी नुसत्या शेणखतात किंवा गुळाच्या पाण्यात वाढत नाही. तसं सांगणाऱ्या कुणावर विश्वास ठेवू नका.

दहा इंची कुंडी घ्या, तळाला भोकं मोकळी. भरायला दोन भाग जाड वाळू आणि एक भाग साधी माती, दोन्ही वाफवलेली. वाळू खाडीची असेल तर खारट असते, गोड पाण्यात तीन-चार वेळा धुवा. कुंडी दोन तृतीयांश भरली की मूळ मातीचा आणि चिरलेल्या मुळांचा तीन सेंटिमीटर थर पसरा, वर पुन्हा चार सेंटिमीटर वाफवलेलं मिश्रण. रोपांची मुळं खाली जाताना या थरातून गेलीच पाहिजेत, म्हणून थर कडेपर्यंत पसरलेला हवा.

पेरायचं काय? बाजरी किंवा ज्वारी आणि तिच्या जोडीला मटकी किंवा कुळीथ. एका पिकावर बुरशीच्या एक-दोनच जाती फोफावतात, दोन वेगळ्या कुळांची पिकं असली की जास्त जाती टिकतात. मोहरी, मुळा, माठ, पालक हे कधीही पेरू नका, त्यांच्या कुळांत ही बुरशी बहुधा वस्तीच करत नाही. लव्हाळा उगवला तर उपटा, त्याचीही तीच गोष्ट.

खत जवळजवळ नाहीच. मातीत स्फुरद मुबलक असला की झाड बुरशीला आत येऊ देत नाही, कारण तिला साखर देण्याची त्याला गरजच उरत नाही. डीएपी, सुपर फॉस्फेट, बोनमील, गांडूळखत सगळं बंद. पानं फारच पिवळी पडली तर लिटरभर पाण्यात ग्रॅमभर युरिया, तेही दोन-तीन आठवड्यांतून एकदा. बाजरी गरीब दिसली तरी चालेल, आपल्याला कणीस नको आहे. ऊन रोज पाच-सहा तास हवं. साखरच तयार झाली नाही तर बुरशी पोसणार कशावर? पाणी बेताने द्या, तळाच्या ताटलीत साचू देऊ नका, कारण या बुरशीला हवा लागते. कुंड्या विटांवर ठेवा. एक कुंडी मूळ माती न घालता तशीच पेरून ठेवली तर नंतर तुलनेला उपयोगी पडते.

ऑक्टोबरअखेर पेरलं तर फेब्रुवारीपर्यंत तीन-साडेतीन महिने होतात. बाजरी लवकर पक्व होऊन वाळायला लागली तर कापून तिच्या बुडाशी पुन्हा दाणे टाका, मुळं सतत जिवंत राहिली पाहिजेत.

मुळांत शिरली का ते पाहणं

यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही, कॉलेजातला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. बारीक मुळं धुऊन दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ती पारदर्शक होईपर्यंत उकळा. प्रिन्सेस स्ट्रीटवर रसायनांच्या दुकानांत कॉस्टिक पोटॅश मिळतं. ते कातडी भाजतं, म्हणून रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, ॲल्युमिनियमचं भांडं वापरायचं नाही, आणि मुलांना जवळ घ्यायचं नाही. मुळं भरपूर पाण्यात धुवा, मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाच टक्के काळी फाउंटन पेनची शाई घालून त्यात तीन मिनिटं उकळा. शेवटी दोन थेंब व्हिनेगर घातलेल्या पाण्यात वीस मिनिटं ठेवलं की जादाचा रंग निघून जातो.

शंभरपट मोठं करून पाहिलं तर मुळाच्या लांबीला समांतर धावणारे गडद तंतू दिसतात, मधूनमधून गोल-लंबगोल फुगे, आणि पेशींच्या आत झुडपासारख्या दाट फांद्या. हे झुडूप म्हणजेच देवाणघेवाणीची जागा. मुळाचे सेंटिमीटरभराचे तीस तुकडे पाहा आणि किती तुकड्यांत बुरशी आहे ते मोजा. निम्म्याहून जास्त तुकडे भरलेले असतील तर कुंडी जमली. दोन-चारच तुकडे रंगले असतील तर आणखी महिना वाढवा.

जमलेल्या कुंडीचं पाणी पूर्ण बंद करा. दोन-तीन आठवडे ताण बसला की बुरशी बीजाणू धरते. मग वरचा भाग कापा, कुंडी सावलीत पालथी करा, मुळं कात्रीने सेंटिमीटरभर चिरून त्याच मातीत मिसळा. पूर्ण कोरडी झाली की झाकणाच्या डब्यात भरा. मुंबईच्या दमट हवेत उघडी पिशवी ठेवली तर दुसऱ्याच बुरशा चढतात. डबा उन्हापासून दूर ठेवा आणि माती याच पावसाळ्यात संपवा.

बाजारातल्या मायकोरायझा पावडरीबद्दल इथेच बोलतो. फर्टिलायझर कंट्रोल ऑर्डरखाली हे जैवखत म्हणून विकलं जातं आणि शेतात त्याचा उपयोग होतही असेल. पण त्यात बहुधा एक-दोन सर्वत्र चालणाऱ्या जाती असतात, गवताळ जमिनीतल्या अनेक जातींचा मेळ नसतो. पाकीट कधी भरलं, कसं साठवलं यावर त्यातलं किती जिवंत आहे ते ठरतं. आणि परक्या जाती नैसर्गिक माळावर सोडल्या की परत गोळा करता येत नाहीत. परसातल्या वांग्याला पावडर घाला, माळावर नको.

रोपं, आणि जमिनीची तयारी

एप्रिलअखेर गवताचं बी पेरा. लहान कप किंवा पिशव्यांत वाळू, माती आणि धुतलेलं कोकोपीट भरा, वरून तीन सेंटिमीटरवर दहा ग्रॅम बुरशीची माती घाला, त्यावर पाच-सहा बिया आणि मातीचा पातळ थर. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक या रोपांच्या आसपासही नको. मारवेल बियांपेक्षा कांड्यांपासून सोपी येते, दोन डोळ्यांचा तुकडा लावला की पुरे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलचे चाऱ्यासाठी सुधारित वाण काढले आहेत, गोठ्यासाठी ते उत्तम आहेत. पण माळ परत आणायचा असेल तर त्याच परिसरातली मारवेल शोधा.

रोपं दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत जमिनीवर काम करून घ्या. समतल रेषेत हाताने रचलेले दगडी बांध, घळीत दगडांचे छोटे अडसर. नांगरट किंवा जेसीबी अजिबात नको, उरलीसुरली बुरशीची जाळी त्याने तुटतात. रानमोडी आणि घाणेरी पावसाआधी बुडापासून कापा आणि पाऊस पडून माती मऊ झाली की बुंधे उपटा. राडारोडा असेल तर सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी झालेली असते. तो उचलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही, वर पोयटा टाकून झाकू नका.

वळवाच्या सरींवर भुलून लावणी करू नका. मृग बरसून पाऊस चार-पाच दिवस लागून राहिला, माती वीतभर खाली ओली झाली, की लावा. खड्डा बारा सेंटिमीटर खोल, तळाला आणखी मोठा चमचाभर बुरशीची माती, त्यावर रोप, आणि हाताने घट्ट दाब. दोन रोपांत ३० सेंटिमीटर ठेवलं तर चौरस मीटरला अकरा रोपं बसतात. एका दहा इंची कुंडीतून साधारण दहा किलो माती निघते. कपात दहा ग्रॅम आणि खड्ड्यात वीस ग्रॅम धरले तर एका कुंडीवर तीनशेहून थोडी जास्त रोपं, म्हणजे जवळपास तीस चौरस मीटर. जागा मोठी असेल तर सगळीकडे विरळ लावण्यापेक्षा दोन-दोन मीटरची बेटं करा, बेटांतून बुरशी आणि बी दोन्ही हळूहळू बाहेर पसरतात. एक बेट मुद्दाम बुरशीची माती न घालता लावा आणि त्यावर खूण करा. या एका बेटावाचून आपल्या कष्टाचा परिणाम झाला की नुसत्या चांगल्या पावसाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

दोन पावसाळे राखण

पहिले दोन पावसाळे चराईबंदी हवी. पाड्यावरच्या मंडळींशी लावणीच्या आधी बसून बोला. त्यांच्या शेळ्या-गुरांची सोय कुठे होणार हे ठरल्याशिवाय लावलेलं कुंपण टिकत नाही, आणि ते टिकावं अशी अपेक्षा करणं अन्यायाचंही आहे. बी झडून गेल्यावर, नोव्हेंबरअखेर, गवत जमिनीपासून आठ-दहा सेंटिमीटरवर विळ्याने कापून नेऊ द्या. कापणी झाल्याने वणव्याला जळण कमी मिळतं आणि राखणाऱ्यांना चारा मिळतो. डिसेंबरातच चारी बाजूंनी तीन-चार मीटर रुंद पट्टा खरवडून जाळरेषा करा.

आणखी एक विनंती, कारण मुंबईत हे दरवर्षी होतं. अशा माळावर वृक्षारोपणाचा कार्यक्रम होऊ देऊ नका. भारताच्या पडीक जमिनींच्या नकाशांत कित्येक गवताळ जागा पडीक म्हणूनच नोंदल्या गेल्या आहेत, आणि पडीक म्हटलं की खड्डे खणायला लोक येतात. दीड फुटाचा प्रत्येक खड्डा रुजू लागलेलं गवत आणि त्याखालची जाळी फोडतो, आणि गिरिपुष्प-सुबाभूळ मोठी झाली की सावलीत कुसळी मरते.

दर सप्टेंबरअखेर एक मीटरची चौकट प्रत्येक बेटात तीन ठिकाणी ठेवून जिवंत ठोंब मोजा, उघडी जमीन किती ते नोंदवा, एकाच खुंटीजवळून फोटो काढा. बुरशी न घातलेल्या बेटाचीही तीच नोंद. पहिल्या वर्षी फरक थोडा दिसतो, कारण गवत तेव्हा खाली मुळं करत असतं. दुसऱ्या सप्टेंबरात दोन्ही बेटांतली थोडी मुळं पुन्हा शाईत रंगवून पाहा. घातलेल्या बेटात मुळं भरलेली आणि ठोंब जास्त असतील, तर पुढच्या ऑक्टोबरात नव्या कुंड्यांसाठी मूळ माती याच बेटातून घ्या. जुन्या माळाच्या मालकाकडे मग माती मागायला जायची गरज नाही.